काळ्या दगडाचे दप्तर

१३ सप्टेंबर १९६७ या एकाच तारखेच्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून मी लिहायला बसलो आहे.

पहिली नोंद पाटण तालुक्यातली. त्या दिवशी कोयना धरणाच्या परिसरात भूकंप झाला, पाच रिश्टरच्या वरचा. १९६२ मध्ये धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यापासून या खोऱ्यात जमीन अधूनमधून हादरत होतीच, आणि हा धक्का त्या वेळेपर्यंतच्या धक्क्यांत मोठा होता. दुसरी नोंद चंद्रावरची. दोनच दिवस आधी, ११ सप्टेंबरला, अमेरिकेचे ‘सर्व्हेयर-५’ हे मानवरहित यान चंद्रावरच्या शांतिसागरात, एका लहानशा खळग्याच्या उतारावर उतरले होते. १३ तारखेला त्याची छोटी इंजिने जेमतेम अर्धा सेकंद पेटवली गेली. खालची माती किती उडते, हे पाहायचे होते. त्या झोताने यानाशेजारी जमिनीवर ठेवलेली एक पेटी जागची किंचित सरकली.

या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तारखा जुळल्या म्हणून कार्यकारण जुळवणे इतिहासलेखनात चालत नाही. तरी ही दोन दप्तरे एकत्र वाचावीत असे मला वाटते, कारण दोन्हींचा विषय एकच आहे: काळा दगड. तो काय आहे, त्याच्या खाली काय आहे आणि पाणी त्याचे काय करते, हे प्रश्न त्याच काही महिन्यांत पाटणलाही विचारले जात होते आणि चंद्रावरही.

आधी पाटणचा दगड पाहू. कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावरच्या या गावातून चिपळूणकडे निघाले की कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट लागतो. रस्ता रुंद करताना डोंगराची कड जिथे कापली आहे, तिथे सह्याद्री पुस्तकाच्या कडेसारखा थरांत दिसतो. एक थर घट्ट, काळानिळा, घणाला दाद न देणारा. त्याच्यावरचा थर लालसर-करडा, भुसभुशीत, भोकाभोकांचा. पुन्हा घट्ट, पुन्हा भोकांचा. प्रत्येक जोडी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हे लोट एकावर एक पसरत गेले. लोटाचा वरचा भाग थिजताना त्यातून वायू बुडबुड्यांनी बाहेर पडू पाहत होता, तो अडकला आणि त्याची भोके राहिली.

ही भोके जवळून पाहण्यासारखी आहेत. हातात मावेल असा तुकडा घेतला तर त्यावर वाटाण्याएवढे, हरभऱ्याएवढे पांढरे ठिपके दिसतात. नखाने खरवडले तर काही ठिपक्यांतून चमकदार पापुद्रे सुटतात, काहींत बारीक सुयांचा पिसारा असतो, तर काहींच्या भिंतीला काळपट हिरवा लेप असतो. पांढरे दिसते ते बहुधा झिओलाइट, म्हणजे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि त्यांची भावंडे. या खनिजांच्या स्फटिकात पाणी बांधलेले असते. नळीत घालून तापवले तर ते वाफ होऊन बाहेर येते. लाव्हा थंड झाल्यावर खडकातून पाणी झिरपत राहिले, त्याने दगडातलीच द्रव्ये विरघळवून या पोकळ्यांत आणून भरली. बुडबुडा अग्नीचा, भरण पाण्याची. सडावाघापूरच्या पठारावर गेले तर पाण्याचे आणखी मोठे काम दिसते. तिथे हाच काळा दगड पावसाने धुऊन धुऊन, बाकीचे सगळे वाहून जाऊन, लोखंडाच्या गंजाने लाल झालेला जांभा म्हणून उरला आहे.

आता चंद्रावरची पेटी. शिकागो विद्यापीठातील अँथनी टर्केविच यांनी ती तयार केली होती. तिच्यात क्युरियम-२४२ हे किरणोत्सारी द्रव्य होते. त्यातून निघणारे अल्फा कण पेटीच्या तळाच्या छिद्रातून खालच्या मातीवर आदळायचे. काही उलटे परतायचे. कण ज्या अणूवर आपटला तो जितका जड, तितकी परतणाऱ्या कणाची ऊर्जा जास्त. भिंतीवरून चेंडू जोराने परततो आणि उशीवरून मरगळून, तसेच. परतलेले कण मोजून खाली कोणते अणू किती आहेत याचा हिशेब मांडता येतो. यान उतरल्यावर पेटी आधी वरच अडकवून ठेवलेल्या ठराविक घडणीच्या नमुन्यावर तपासली, मग अर्धवट उतरवून पार्श्वभूमी मोजली आणि शेवटी नायलॉनच्या दोरीने जमिनीवर टेकवली. साधार काम कसे करावे याचा हा वस्तुपाठ आहे. पुरावा वाचण्याआधी वाचणाऱ्याची नजर तपासायची.

टर्केविच, फ्रँझग्रोट आणि पॅटरसन यांचा पहिला अहवाल त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘सायन्स’मध्ये छापून आला. त्यातले आकडे अणूंच्या संख्येनुसार आहेत: ऑक्सिजन सुमारे ५८ टक्के, सिलिकॉन सुमारे १८.५ टक्के, अॅल्युमिनियम सुमारे ६.५ टक्के आणि सिलिकॉनपेक्षा जड असलेल्या अणूंचा मिळून एक गट, सुमारे १३ टक्के. प्रत्येक आकड्यासमोर चुकीची मर्यादा छापलेली आहे. कॅल्शियम, टायटॅनियम आणि लोखंड वेगळे ओळखण्याइतके ते यंत्र नाजूक नव्हते, म्हणून लेखकांनी ते एकाच रकान्यात ठेवले आणि तसे सांगितले. एवढ्या आकड्यांवर त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की ही घडण पृथ्वीवरच्या बेसॉल्टशी जुळते.

माणसाने दुसऱ्या एखाद्या खगोलाच्या जमिनीचे जागेवर केलेले हे पहिले रासायनिक पृथक्करण, आणि त्याचे उत्तर निघाले बेसॉल्ट: कुंभार्लीचा दगड, वरवंट्याचा आणि जात्याचा दगड, ज्याच्या खडीवर आमचे रस्ते बांधले जातात तो दगड. आपण लहानपणी चंद्रावर ज्याला ससा म्हणत आलो, ज्याच्यावरून संस्कृतात चंद्राला शशांक म्हणतात, तो ससा म्हणजे बेसॉल्टची मैदाने. उजळ चंद्रात प्राचीन लाव्ह्याने भरलेले प्रचंड खळगे पृथ्वीवरून एकत्र सशासारखे दिसतात.

पुढचे कागद डिसेंबरचे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. अमावास्या १ डिसेंबरला आणि पौर्णिमा १६ तारखेला होती, त्यावरून हिशेब केला तर शुक्ल पक्षातला तो चंद्र मध्यरात्रीनंतर दोनेक तासांत मावळलेला होता. काळोख होता आणि थंडी होती. माणसे दगडमातीच्या घरांत झोपलेली होती. ६.३ रिश्टरचा भूकंप कोयनेच्या खोऱ्याखाली झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, कोयनानगरची वसाहत कोसळली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, या तोवरच्या समजुतीचाही त्या पहाटे शेवट झाला.

त्या पहाटेचा सर्वांत विलक्षण कागद धरणाच्या पोटात तयार झाला. धरणाच्या ‘१-अ’ या खंडातल्या भुयारात प्रवेगमापक बसवलेला होता आणि तो चालू राहिला. त्याने तीन रेषा काढल्या: एक धरणाच्या लांबीच्या दिशेची, एक आडवी आणि एक उभी. लांबीच्या दिशेने जमिनीचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, आडवा ०.४९ पट, उभा ०.३४ पट. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीचा आराखडा करताना ०.०५ पट धरले होते. धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले. जगभर धरणांचा भूकंपरोधक हिशेब शिकवताना आजही ‘कोयनेची नोंद’ म्हणून हा आलेख वापरतात. त्यातले जोराचे कंपन काही सेकंदांचे आहे. एवढ्या सेकंदांत काय काय पडले, हे ज्या घरांत माणसे गेली त्यांनाच ठाऊक. तो आलेख पाहताना मला हे विसरता येत नाही.

हे सेकंद लक्षात ठेवून दोन वर्षे पुढे जायचे आहे. २० नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो-१२ च्या यात्रेकरूंनी आपल्या चांद्रवाहनाचा काम संपलेला वरचा भाग मुद्दाम चंद्रावर आदळू दिला. जमिनीवर ठेवलेला भूकंपमापक तो धक्का टिपत होता. रेषा हलू लागली आणि हलतच राहिली, जवळजवळ एक तास. शास्त्रज्ञांनी आधी यंत्रावरच शंका घेतली. पुढच्या मोहिमांनीही तेच दाखवले. कारण पुढे उलगडले. पृथ्वीच्या खडकात फटीफटीत पाणी असते, ते कंपनाची ऊर्जा शोषते. चंद्राचा वरचा कवच-भाग फुटलेला, तुकड्यातुकड्यांचा, पण कोरडा ठणठणीत आहे. त्यात लहर या तुकड्यावरून त्या तुकड्यावर आपटत फिरत राहते आणि विझत नाही. कोयनेत पाणी भेगांत शिरले, आतल्या खडकांना दाबून ठेवणारी पकड सैल झाली आणि आधीच ताणलेली भेग सरकली, असे आज मानले जाते. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून मांडत आणलेला जलाशयप्रेरित भूकंपाचा अभ्यास याच खोऱ्यावर उभा आहे. चंद्रावर ते पाणीच नाही.

अपोलोने चंद्रावर मांडलेले भूकंपमापक ३० सप्टेंबर १९७७ पर्यंत चालले. त्यांनी साडेबारा हजारांहून अधिक घटना टिपल्या. त्यातल्या बऱ्याच घटना ७०० किलोमीटरहून खोल, ठराविक जागांवरून, पृथ्वीच्या ओढीच्या तालावर दर महिन्याला पुन्हा पुन्हा होणाऱ्या. एकूण घटनांपैकी जोरकस म्हणावे असे उथळ धक्के २८ च. चंद्राच्या पोटाचा नकाशा या रेषांवरून काढला. पहिले नकाशे सत्तरच्या दशकात निघाले. २०११ मध्ये रेनी वेबर यांच्या गटाने त्याच जुन्या फिती नव्या पद्धतीने वाचून मध्यभागी सुमारे २४० किलोमीटर त्रिज्येचा घन गाभा, त्याभोवती ३३० किलोमीटरपर्यंत द्रव लोह आणि त्याबाहेर अर्धवट वितळलेला थर असल्याचे मांडले. मला या कामाचे फार अप्रूप वाटते. यंत्रे बंद पडून चौतीस वर्षे झाली होती. उरले होते ते कागद. मोडी दप्तरांत वर्षे घालवलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, आणि गाभा एवढासा. पृथ्वीच्या वस्तुमानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिच्या लोखंडी गाभ्यात आहे, चंद्राचा मात्र एक-दोन टक्के. चंद्राची सरासरी घनता पाण्याच्या ३.३४ पट, पृथ्वीची साडेपाच पट. या तफावतीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दगडांची गोष्ट मुंबईतूनही जाते. अपोलोच्या यात्रेकरूंनी आणलेल्या ३८२ किलोतले काही कण टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. देवेंद्र लाल यांच्या गटाने त्यांच्या स्फटिकांत वैश्विक किरणांतल्या जड केंद्रकांनी पाडलेले माग मोजले. १९७१ च्या चांद्रविज्ञान परिषदेच्या इतिवृत्तात भंडारी, भट, लाल, राजगोपालन, ताम्हणे आणि वेंकटवरदन अशी नावे एका निबंधावर आहेत. दगड तीव्र रसायनात धुतला की हे माग सूक्ष्मदर्शकाखाली ओरखड्यासारखे उघडे पडतात. जितके माग दाट, तितका तो दगड उन्हात जास्त काळ पडलेला. हीही एक प्रकारची रोजनिशी आहे. वेंकटवरदन पुढे मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले.

आणि त्याच दशकात बुलढाण्यातले लोणार. १९७३ मध्ये फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये ते बेसॉल्टात उल्कापाताने पडलेले विवर असल्याचा पुरावा छापला. चंद्रावरची बहुतेक विवरे जशी झाली तसेच ते झाले, आणि दगडही त्याच जातीचा.

पण अपोलोचे दगड हातात आल्यावर साम्याइतकीच तफावतही मोठी निघाली. अपोलो-११ जिथे उतरले ती जागा सर्व्हेयर-५ पासून फक्त सुमारे २५ किलोमीटरवर. तिथल्या बेसॉल्टात टायटॅनियम आमच्या दख्खनच्या दगडापेक्षा कितीतरी जास्त, सोडियम अगदी थोडे. आणि त्याला भोकेही होती. बुडबुड्यांची, गोल, गुळगुळीत, कुंभार्लीसारखी. पण ती रिकामी होती. झिओलाइट नाही, हिरवा लेप नाही, गंज नाही. तीनसाडेतीन अब्ज वर्षांहून जुने बुडबुडे, आणि त्यांत कुणीही काहीही आणून भरले नव्हते.

त्या रिकाम्या भोकांतून चंद्राच्या जन्मकथेकडे जाता येते. १९७० च्या आधी तीन मते होती. चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव जॉर्ज डार्विन म्हणाले होते की चंद्र पृथ्वीतूनच फुटून निघाला. दुसरे मत, दोघे शेजारी शेजारी एकाच वेळी घडले. तिसरे, तो वाटेने जाताना पृथ्वीच्या ओढीत सापडला. आपण चंद्राला मामा म्हणतो, म्हणजे धरणीमातेचा भाऊ. दुसऱ्या मताची ही आपली घरगुती मांडणी. पण भाऊ म्हटला तर लोखंड दोघांकडे सारखे असायला हवे होते. ते तसे नाही, हे वर पाहिले. वाटसरू म्हटला तर ऑक्सिजनची समस्थानिके वेगळी निघायला हवी होती, कारण सूर्यमालेत जागेगणिक त्यांचे प्रमाण बदलते. चंद्राच्या दगडात ती पृथ्वीशी तंतोतंत जुळली.

१९७५ मध्ये विल्यम हार्टमन आणि डोनाल्ड डेव्हिस यांनी, आणि पुढच्या वर्षी कॅमेरॉन आणि वॉर्ड यांनी वेगळी दिशा दाखवली. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल तरुण पृथ्वीवर तिरका आदळला. तोवर दोन्हींतले लोखंड तळाशी बसलेले होते. आदळणाऱ्याचा गाभा पृथ्वीच्या गाभ्यात मिसळला आणि बाहेर फेकला गेला तो दोघांच्या वरच्या खडकांचा तप्त मलबा. त्यातून चंद्र जमला. लोखंड कमी का, तर ते खालीच राहिले. सोडियमसारखी चटकन उडून जाणारी द्रव्ये कमी का, तर त्या उष्णतेत ती उडाली. पाणीही बरेचसे त्यांच्याबरोबर गेले. १९८४ मध्ये हवाई बेटावर कोना येथे झालेल्या परिषदेनंतर बहुतेकांनी ही मांडणी स्वीकारली. समस्थानिके इतकी नेमकी का जुळावीत, यावर वाद अजून चालू आहे. २००८ मध्ये चंद्राच्या ज्वालामुखी काचेच्या मण्यांत पाण्याचा अंश सापडला आणि चांद्रयान-१ च्या निरीक्षणांनी पृष्ठभागावर त्याच्या खुणा दाखवल्या, त्यामुळे ‘अगदी कोरडा’ हे विधानही थोडे सौम्य करावे लागले. नवा कागद आला की जुने वाक्य दुरुस्त करणे हा या कामाचा नियम आहे.

तप्त मलब्यापासून झालेला चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाच्या समुद्राने झाकलेला होता. हलकी, पांढरट फेल्डस्पारची खनिजे त्यावर तरंगून सायीसारखी थिजली, आणि चंद्राचे उजळ कवच तयार झाले. त्या दगडाचे नाव अॅनॉर्थोसाइट. ही कल्पना अपोलो-११ च्या धुळीतल्या बारीक पांढऱ्या कणांवरून १९७० मध्ये मांडली गेली, पण तिचा पहिला इशारा आधीच मिळालेला होता. १० जानेवारी १९६८ रोजी, कोयनेचा भूकंप होऊन महिना पुरता होण्याआधी, सर्व्हेयर-७ टायको विवराच्या कडेला उजळ जमिनीवर उतरले. पेटी खाली येताना वाटेतच अडकली; मग यानाच्या यांत्रिक हाताने तिला दाबून जमिनीवर टेकवले. इथे जड अणू मैदानांपेक्षा बरेच कमी निघाले. ससा एका दगडाचा आणि चंद्राचे बाकीचे अंग दुसऱ्याच.

म्हणजे चंद्रावरचा बेसॉल्ट ही वरची पातळ पांघरलेली गोधडी आहे, खाली ३४ ते ४३ किलोमीटरचे जुने, फिकट कवच. पाटणला खाली काय आहे, हे मात्र चंद्राच्याही नंतर कळले. २०११ नंतर कोयनेच्या खोऱ्यात खोल विंधनविवरे घेतली गेली. कोयनानगरजवळ रासाटी येथे सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट संपल्यावर छिद्रक ग्रॅनाइट-नाइसच्या खडकात शिरला. मध्ये वाळू नाही, गाळ नाही; काळ्याखाली थेट फिकट, अब्जावधी वर्षांपूर्वीचा पाया. गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र झाले. या कामासाठी कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा उभी आहे. धक्के या खालच्या पायातच होतात. काळ्या गोधडीखाली फिकट जुने अंग, हा आराखडा दोन्हीकडे सारखा निघाला. खालचे दगड आणि ते घडण्याची रीत मात्र वेगवेगळी.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले. प्रज्ञान बग्गीने सुमारे १०३ मीटर फिरून २३ ठिकाणी माती तपासली. तिच्या यंत्रातही क्युरियमच होते, या वेळी क्युरियम-२४४. संतोष वडवळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला: दक्षिण ध्रुवाकडची ती माती बरीचशी एकजिनसी, लोहयुक्त अॅनॉर्थोसाइटच्या घडणीची, वितळलेल्या समुद्राच्या मताला बळ देणारी. बग्गीला घेऊन उतरलेल्या विक्रम यानावरच्या भूकंपमापकाने दहाबारा दिवसांत अडीचशेहून अधिक हालचाली टिपल्या. बहुतेक बग्गीच्या आणि यंत्रांच्या. सुमारे पन्नास तशा नव्हत्या, त्यांतली एक २६ ऑगस्टची.

आता पुन्हा डिसेंबर १९६७. ११ तारखेच्या पहाटे पाटणला चंद्र मावळलेला असला तरी शांतिसागरावर त्या वेळी दिवस होता. टर्केविच यांची पेटी तिथे उन्हात होती, आपल्या नव्या जागेवर, १३ सप्टेंबरला सरकली होती तिथे. सर्व्हेयर-५ कडून शेवटचा संदेश आला तो १७ डिसेंबर १९६७ रोजी. त्या दिवशी कोयनेच्या भूकंपमापकांवर मागाहूनचे धक्के अजून उमटत होते.